वादग्रस्त परदेशी नेत्याला विद्यापीठाने भाषणाला बोलवावं का? कोलंबियाने बोलावलं होतं, तेव्हा काय झालं?

२४ सप्टेंबर २००७, सोमवार. न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठाच्या गेटवर सकाळपासून निदर्शकांची गर्दी होती. हातात फलक, रस्त्यावर पोलिसांचे बॅरिकेड, टीव्ही चॅनेलच्या गाड्या. शहरातल्या एका मोठ्या टॅब्लॉइडने त्या दिवशी पहिल्या पानावर 'दुष्ट येऊन उतरला' अशा अर्थाची हेडलाइन छापली होती. हा 'दुष्ट' म्हणजे इराणचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष महमूद अहमदीनेजाद. त्या दुपारी ते विद्यापीठातल्या सभागृहात विद्यार्थ्यांसमोर बोलणार होते.

ज्यूंच्या नरसंहारावर शंका घेणारा, इस्रायलच्या अस्तित्वाविरुद्ध बोलणारा, ज्याच्या देशात पत्रकार आणि विद्यार्थी तुरुंगात आहेत असा नेता. त्याला अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठाने माइक का द्यावा? हा वाद तेव्हा पेटला आणि अजून विझलेला नाही. दर दोन-चार वर्षांनी नाव बदलतं, विद्यापीठ बदलतं, भांडण तेच राहतं. म्हणून हे प्रकरण जरा नीट समजून घेऊ.

मुळात ते न्यूयॉर्कमध्ये आलेच कसे?

अमेरिका आणि इराण यांचे राजनैतिक संबंध १९८० पासून तुटलेले आहेत. तरीही इराणचा राष्ट्राध्यक्ष न्यूयॉर्कला येऊ शकतो, कारण तिथे संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालय आहे. १९४७ मध्ये अमेरिका आणि संयुक्त राष्ट्रांमध्ये करार झाला. त्यानुसार संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी येणाऱ्या प्रतिनिधींना अमेरिकेने येऊ द्यायचं असतं, मग तो देश मित्र असो वा नसो. त्यामुळे दर सप्टेंबरमध्ये आमसभेच्या निमित्ताने जगभरचे नेते या शहरात असतात. त्यातल्या काहींना मात्र फिरण्यावर बंधनं असतात. इराणी मुत्सद्द्यांना त्या काळी मॅनहॅटनमधल्या कोलंबस सर्कल या चौकापासून २५ मैलांच्या आतच वावरता यायचं. कोलंबिया विद्यापीठ त्याच बेटावर, ११६व्या रस्त्यावर आहे. म्हणजे आरामात हद्दीत.

अहमदीनेजाद यांना वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जागी जाऊन पुष्पचक्र वाहायचं होतं. पोलिसांनी त्याला नकार दिला. विद्यापीठाने मात्र होकार दिला.

कोलंबियाने २००३ पासून 'वर्ल्ड लीडर्स फोरम' नावाचा उपक्रम चालवला होता. आमसभेला आलेल्या नेत्यांना कॅम्पसवर आणायचं, भाषण करू द्यायचं, विद्यार्थ्यांना प्रश्न विचारू द्यायचे, असा त्याचा साधा हिशोब. २००६ मध्येही अहमदीनेजाद यांना आमंत्रण गेलं होतं, पण ते ऐनवेळी मागे घेतलं गेलं. २००७ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष ली बोलिंजर यांनी ते होऊ दिलं. आता हे बोलिंजर साधे प्रशासक नव्हते. अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा कायदा हाच त्यांचा अभ्यासाचा विषय. त्यांनी अटी आधीच जाहीर केल्या: भाषणाइतकाच वेळ प्रश्नोत्तरांना मिळेल आणि सुरुवातीला मी स्वतः कडक प्रश्न उभे करेन.

यावर राजकारण्यांचा संताप झाला. एका काँग्रेस सदस्याने विद्यापीठाचा केंद्रीय निधी तोडण्याची भाषा केली. न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेच्या अध्यक्षांनीही मदतीचा फेरविचार करावा लागेल असं सुचवलं. शहराच्या कौन्सिलच्या अध्यक्षांनी आमंत्रण रद्द करा म्हणून सांगितलं. बोलिंजर मागे हटले नाहीत.

आणि मग ते 'स्वागत'

बोलिंजर माइकवर आले आणि पाहुण्याची ओळख करून द्यायला लागले. ओळख कसली, आरोपपत्रच होतं. तुमच्यात क्षुद्र आणि क्रूर हुकूमशहाची सगळी लक्षणं दिसतात, असं त्यांनी समोर बसलेल्या राष्ट्राध्यक्षांना सांगितलं. नरसंहार नाकारणारा माणूस एकतर निर्लज्जपणे चिथावणी देतोय किंवा थक्क व्हावं इतका अडाणी आहे, असंही म्हणाले. शेवटी, या प्रश्नांची उत्तरं देण्याचं बौद्धिक धाडस तुमच्याकडे असेल अशी मला शंकाच आहे, असं सांगून ते बसले.

या भाषणात एक गोष्ट होती जिच्याकडे त्या गदारोळात फार कमी लोकांनी लक्ष दिलं. किआन ताजबख्श हे कोलंबियातून पीएचडी केलेले इराणी-अमेरिकन अभ्यासक. इराणने त्यांना त्याच वर्षी मे महिन्यात अटक केली होती आणि कार्यक्रमाच्या काही दिवस आधी ते जामिनावर सुटले होते. बोलिंजर यांनी त्यांचं नाव घेतलं आणि कोलंबियात शिकवायला या, असं जाहीर आमंत्रण दिलं. ज्याने तुरुंगात टाकलं त्या सरकारच्या प्रमुखासमोर हे बोललं गेलं. हे लक्षात ठेवा, याचं पुढे काय झालं ते येतंच.

अहमदीनेजाद उठले आणि त्यांनी पहिली चाल अचूक खेळली. आमच्या देशात पाहुण्याला बोलावलं की त्याचं म्हणणं ऐकायच्या आधीच त्याच्यावर शेरे मारत नाहीत, विद्यार्थ्यांना स्वतःचं मत बनवू देतात, अशा आशयाचं ते बोलले. सभागृहातून टाळ्याही मिळाल्या. घरी बोलावून पाहुण्याचा अपमान करायचा नाही, हे आपल्याकडेही लहानपणापासून शिकवतात. तेहरानपासून कोल्हापूरपर्यंत कुणालाही हा मुद्दा पटेल. म्हणजे ज्याच्यावर खटला चालवायचा होता तोच क्षणभर अन्याय झालेला माणूस ठरला.

मग भाषण झालं. लांबलचक, विज्ञान आणि अध्यात्म यावर बरंच काही. नरसंहाराबद्दल त्यांनी थेट नकार दिला नाही. त्यावर अजून संशोधन का होऊ नये आणि त्याची किंमत पॅलेस्टिनी लोकांनी का मोजावी, असे उलट प्रश्न केले. इतपत ते सावरून होते.

त्यांचा तोल गेला तो प्रश्नोत्तरांत. सूत्रसंचालक प्राध्यापक विद्यार्थ्यांकडून आलेले प्रश्न वाचून दाखवत होते. एक प्रश्न होता इराणमधल्या महिलांच्या हक्कांबद्दल आणि समलैंगिकांना दिल्या जाणाऱ्या शिक्षांबद्दल. अहमदीनेजाद आधी फाशीच्या शिक्षेवर, मग अमली पदार्थांच्या तस्करीवर घसरले. प्रश्न पुन्हा विचारल्यावर ते म्हणाले की तुमच्या देशात आहेत तसे समलैंगिक इराणमध्ये नाहीतच. सभागृहात हशा पिकला, हुर्यो उडाली. त्या भेटीतलं जगाच्या लक्षात राहिलेलं वाक्य हेच.

मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात मोलाची गोष्ट हीच वाटते. अध्यक्षांनी तयार करून आणलेल्या जहाल शब्दांनी अहमदीनेजाद यांना ढाल मिळाली. एका साध्या प्रश्नाने ती काढून घेतली. शिव्या खाणं कुठल्याही नेत्याला जमतं, उलट त्याचा फायदाच करून घेता येतो. सरळ, नेमका, दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न झेलणं कठीण असतं.

बोलावणं म्हणजे सन्मान असतो का?

विरोध करणाऱ्यांचा मुख्य मुद्दा हाच असतो आणि तो फेकून देण्यासारखा नाही. विद्यापीठाचं नाव, लोगो, मागचा पडदा, टाळ्या वाजवणारी मुलं या सगळ्याचा फोटो होतो. तो फोटो नेता घरी नेतो आणि आपल्या लोकांना दाखवतो की बघा, यांच्याकडेही मला मान आहे. आजच्या काळात तर वीस सेकंदांची क्लिप कापली की प्रश्न गायब आणि टाळ्या शिल्लक.

कोलंबियाच्याच इतिहासात याचं उदाहरण आहे. डिसेंबर १९३३ मध्ये जर्मनीचे राजदूत हान्स लुथर यांचं तिथे भाषण झालं. हिटलर सत्तेवर येऊन वर्षही झालं नव्हतं, पण मे महिन्यात जर्मन विद्यापीठांच्या आवारात पुस्तकांच्या होळ्या पेटून झाल्या होत्या आणि ज्यू प्राध्यापकांना नोकरीवरून काढणारा कायदाही आला होता. विद्यार्थ्यांनी विरोध केला. अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांनी तो जुमानला नाही, मित्रराष्ट्राच्या राजदूताचा योग्य तो मान ठेवला जाईल अशी भूमिका घेतली. बटलर हे १९३१ च्या शांततेच्या नोबेल पुरस्काराचे मानकरी होते, हेही जाता जाता सांगायला हवं. आणि पुढच्याच वर्षी नाझींमुळे जर्मनी सोडावी लागलेल्या फ्रँकफर्टच्या समाजशास्त्र संशोधन संस्थेला याच कोलंबियाने आसरा दिला. एकच संस्था एका हाताने राजदूताला खुर्ची देत होती, दुसऱ्या हाताने त्याच्या सरकारने हाकललेल्यांना छप्पर.

(हे बटलर १९०२ पासून १९४५ पर्यंत अध्यक्ष होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ मध्ये कोलंबियात शिकले ते त्यांच्याच कारकिर्दीत.)

१९३३ आणि २००७ मधला फरक काय? लुथर यांचं भाषण राजशिष्टाचाराच्या चौकटीत झालं, पाहुण्याचा मान सांभाळण्यावर भर होता. २००७ मध्ये प्रश्न विचारले जाणं हीच अट होती. हा फरक तपशिलाचा वाटतो, पण सगळा वाद याच तपशिलावर फिरतो.

मानद पदवीचं मात्र वेगळं. ती दिली की विद्यापीठ खरोखरच सांगतं की हा माणूस आम्हाला आदर्श वाटतो. एडिनबरा विद्यापीठाने १९८४ मध्ये झिम्बाब्वेचे रॉबर्ट मुगाबे यांना अशी पदवी दिली होती. पुढे त्यांच्या राजवटीतल्या अत्याचारांमुळे २००७ मध्ये ती काढून घेतली. भाषण असं परत घेता येत नाही, पण भाषणातून तसं प्रशस्तिपत्रही दिलं जात नाही.

पैसा आला की गणित बदलतं

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं लिबिया प्रकरण इथे सांगायलाच हवं. (हीसुद्धा बाबासाहेबांचीच संस्था, योगायोग बघा.) लिबियाचे हुकूमशहा मुअम्मर गद्दाफी यांचा मुलगा सैफ याने तिथून २००८ मध्ये पीएचडी मिळवली. त्यानंतर सैफशी संबंधित प्रतिष्ठानने संस्थेला १५ लाख पौंड द्यायचं कबूल केलं, त्यातले ३ लाख आलेही. डिसेंबर २०१० मध्ये खुद्द गद्दाफी व्हिडिओ लिंकवरून तिथल्या श्रोत्यांशी बोलले.

दोन-अडीच महिन्यांत लिबियात उठाव झाला, गद्दाफींनी लोकांवर गोळ्या चालवल्या आणि सैफ टीव्हीवर येऊन रक्ताच्या नद्या वाहतील असं बोलला. मार्च २०११ मध्ये संस्थेचे संचालक हॉवर्ड डेव्हिस यांना राजीनामा द्यावा लागला. माजी सरन्यायाधीश लॉर्ड वुल्फ यांनी केलेल्या चौकशीत देणगी स्वीकारण्याच्या पद्धतीतल्या चुका मोजून दाखवल्या गेल्या.

गंमत अशी की कोलंबियाने शिव्या खाल्ल्या तरी कुणाचा राजीनामा गेला नाही. लंडनच्या संस्थेत भाषणाच्या वेळी तुलनेने शांतता होती आणि नंतर संचालक गेले. कारण तिथे विचारायचा प्रश्न हा नव्हता की गद्दाफी का बोलले. प्रश्न हा होता की ज्याच्या पैशावर संशोधन चालणार आहे त्याला कोण अडचणीचं विचारणार? एखाद्या नेत्याला बोलावल्याची बातमी आली की त्या देशाकडून विद्यापीठाला काय मिळतंय हे आधी शोधावं, असं माझं मत आहे. निम्मा वाद तिथेच सुटतो.

आमंत्रण देऊन रद्द करणं: व्हार्टन, २०१३

आपल्या वाचकांना जवळचं वाटेल असं प्रकरण हे आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलमध्ये विद्यार्थी दरवर्षी भारताच्या अर्थकारणावर परिषद घेतात. मार्च २०१३ च्या परिषदेत गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांचं व्हिडिओवरून बीजभाषण ठरलं होतं. त्यांना २००५ पासून अमेरिकेचा व्हिसा नाकारलेला होता, म्हणून व्हिडिओ. विद्यापीठातल्या काही प्राध्यापकांनी २००२ च्या दंगलींचा संदर्भ देऊन विरोधाचं पत्र काढलं, त्यावर सह्या वाढल्या आणि आयोजकांनी आमंत्रण मागे घेतलं.

उलट बाजूनेही जोरदार प्रतिक्रिया आली. कुठल्याही न्यायालयाने दोषी ठरवलेलं नसताना निवडून आलेल्या मुख्यमंत्र्याचं बोलणं का थांबवता, असा प्रश्न समर्थकांनी केला. शिवसेनेचे तेव्हाचे नेते सुरेश प्रभू यांनी निषेध म्हणून आपलं भाषण रद्द केलं, अदानी समूहाने प्रायोजकत्व काढून घेतलं. पुढच्या वर्षी मोदी पंतप्रधान झाले, व्हिसाचा प्रश्न उरला नाही आणि सप्टेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरगच्च सभा झाली. तिथे विद्यार्थ्यांचे प्रश्न अर्थातच नव्हते.

मोदींचे समर्थक असा किंवा विरोधक, एक गोष्ट दोघांनाही मान्य व्हावी. विरोध करणाऱ्या प्राध्यापकांना जे प्रश्न विचारायचे होते, ते आमंत्रण रद्द झाल्यामुळे विचारलेच गेले नाहीत. परिषद आयोजकांना अवघड दिवस टळला, एवढंच.

आधी न बोलावणं आणि बोलावून नाही म्हणणं यात फरक आहे. जगात शेकडो नेते आहेत, विद्यापीठ रोज त्यातल्या बहुतेकांना बोलावत नाही आणि त्यात कुणाचं स्वातंत्र्य जात नाही. दबावाखाली रद्द केलं की मात्र पुढच्या आयोजकाला धडा मिळतो: वादाचं नावच नको.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते. सरकारी विद्यापीठांना ती लागू होते, कोलंबियासारख्या खासगी विद्यापीठाला थेट नाही. म्हणजे कोलंबियाने अहमदीनेजाद यांना नकार दिला असता तरी कायदा मोडला नसता. भाषण करायचा हक्क वेगळा आणि कुणीतरी आपल्याला व्यासपीठ द्यावं हा हक्क वेगळा. दुसरा हक्क कुणालाच नाही. सरकारने निधीची धमकी देऊन विद्यापीठाचं व्यासपीठ ठरवणं, हा मात्र घटनेचा प्रश्न होऊ शकतो.

सरकारी दबाव वेगळ्या मार्गानेही येतो. २००६ मध्ये इराणचेच माजी राष्ट्राध्यक्ष आणि तुलनेने सुधारणावादी मोहम्मद खातमी हार्वर्डला आले. तेव्हा मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी राज्य यंत्रणेने कसलीही मदत करायची नाही असा आदेश काढला. भाषण तरीही झालं.

ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्यापासून विद्यापीठांवर अभिव्यक्ती स्वातंत्र्य राखण्याची कायदेशीर जबाबदारी आहे.

आणि भारतात? आपल्या राज्यघटनेचं कलम १९ फक्त नागरिकांना अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं. परदेशी पाहुणा त्या कलमाखाली हक्क सांगू शकत नाही. शिवाय व्हिसा सरकारच्या हातात. जानेवारी २०२१ मध्ये तर केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने सरकारी विद्यापीठांसाठी असा नियम आणला होता की सुरक्षा, सीमा, जम्मू-काश्मीर, ईशान्येकडची राज्यं किंवा देशाच्या अंतर्गत बाबींवर ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायची तर आधी मंजुरी घ्या. शास्त्रज्ञांनी विरोध केला आणि पुढच्याच महिन्यात तो मागे घेतला गेला.

आपल्याकडे खरी अडचण अनेकदा कायद्याची नसून रस्त्यावरची असते. ऑक्टोबर २०१५ मध्ये पाकिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री खुर्शीद कसुरी यांच्या पुस्तकाचं प्रकाशन मुंबईत नेहरू सेंटरला होतं. सकाळी आयोजक सुधींद्र कुलकर्णी यांच्या तोंडाला शिवसैनिकांनी काळं फासलं. त्याच चेहऱ्याने त्यांनी पत्रकार परिषद घेतली आणि संध्याकाळी बंदोबस्तात कार्यक्रम झाला. तो विद्यापीठातला कार्यक्रम नव्हता, पण तसं काही आपल्या कॅम्पसवर करायचं तर कुलगुरूंच्या डोळ्यांसमोर कोणतं चित्र येत असेल, याची कल्पना करा.

चांगलं उदाहरणही मुंबईचंच आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये बराक ओबामा सेंट झेवियर्स कॉलेजात विद्यार्थ्यांसमोर उभे राहिले. पाकिस्तान अमेरिकेला इतका महत्त्वाचा का आणि त्याला दहशतवादी राष्ट्र का म्हणत नाही, असं एका विद्यार्थिनीने थेट विचारलं. २६/११ ला दोन वर्षंही झाली नव्हती. ओबामांना उत्तर द्यावं लागलं आणि देशभर दिवसभर तेच दाखवलं गेलं.

कोलंबियानंतर काय झालं?

बोलिंजर यांच्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. बोलावलंच का, असं एक गट म्हणत राहिला. विद्यापीठातल्या अनेक प्राध्यापकांनी मात्र बुश सरकारची भाषा विद्यापीठाच्या तोंडून बोलल्याबद्दल त्यांना धारेवर धरलं. इराणमधल्या काही विद्यापीठ प्रमुखांनी बोलिंजर यांनाच दहा प्रश्नांचं पत्र धाडलं. १९५३ मध्ये मोसादेग यांचं निवडून आलेलं सरकार अमेरिकेने का पाडलं, सद्दामला इराणविरुद्धच्या युद्धात मदत का केली, असे प्रश्न त्यात होते आणि इराणला येण्याचं आमंत्रणही.

किआन ताजबख्श कोलंबियात शिकवायला जाणार होते. त्याआधीच २००९ च्या निवडणुकीनंतर उसळलेल्या आंदोलनाच्या काळात त्यांना पुन्हा अटक झाली आणि शिक्षा सुनावली गेली. इराण सोडायला त्यांना २०१६ उजाडलं.

आणखी एक गोष्ट घडली, जी न्यूयॉर्कच्या वादात कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. तेहरानच्या अमीरकबीर विद्यापीठात डिसेंबर २००६ मध्येच विद्यार्थ्यांनी अहमदीनेजाद यांच्यासमोर त्यांचे फोटो जाळले होते. पुढच्या मे महिन्यात तिथल्या काही विद्यार्थी कार्यकर्त्यांना वेगळ्या आरोपांखाली अटक झाली. कोलंबियातल्या भाषणानंतर दोनच आठवड्यांनी, ८ ऑक्टोबर २००७ रोजी, अहमदीनेजाद तेहरान विद्यापीठात बोलायला गेले. सभागृहात समर्थक होते, विरोधी विद्यार्थ्यांना आत जाऊ दिलं नाही. बाहेर त्यांनी हुकूमशहाविरोधात घोषणा दिल्या. त्यांची एक मागणी होती: अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी विचारले तसे प्रश्न आम्हालाही विचारायचे आहेत.